आर्लबर्गच्या बर्फवाटा

डोंगरमाथ्याच्या कोणत्या अंगास पावसाचा थेंब पडला यावर तो कोणत्या समुद्रास मिळणार हे ठरते, ही गोष्ट सह्याद्रीच्या घाटांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना नव्याने सांगावयास नको. आंबोलीच्या माथ्यावरचे काही पाणी हिरण्यकेशीतून कृष्णेस मिळते व बंगालच्या उपसागराकडे जाते; काही कड्यावरून कोसळून अरबी समुद्राची वाट धरते. ऑस्ट्रिया देशाच्या पश्चिम टोकास आर्लबर्ग नावाची जी खिंड आहे, तिची प्रकृती अशीच आहे. तिच्या पश्चिमेचे पाणी ऱ्हाइन नदीतून उत्तर समुद्रास जाते, पूर्वेचे पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्रास. वायव्येकडून येणारे ओले वारे या डोंगरांस अडतात व आपला भार येथेच टाकून देतात, हेही घाटमाथ्यासारखेच. मात्र हा भार पावसाचा नसून बर्फाचा असतो, आणि या बर्फाने खिंडीच्या दोन्ही अंगांच्या गावांना काही शतके दारिद्र्य दिले व गेल्या शतकात अपार वैभव दिले.

टिरोल आणि फोरार्लबर्ग या दोन प्रांतांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून १७९३ मीटर उंचीवर ही खिंड आहे. तिच्या आसपास सेंट आंटोन, सेंट क्रिस्टोफ, श्टूबेन, त्स्यूर्स, लेख, वार्थ आणि श्रोकेन अशी गावे विखुरलेली आहेत. (लेख या गावाचा आपल्या भाषेतील लेखाशी काही संबंध नाही, तेथील नदीचे ते नाव.) आज ही सर्व गावे रज्जुमार्गांनी एकमेकांस जोडली गेली आहेत. सुमारे ८५ रज्जुमार्ग, तीनशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या आखलेल्या बर्फवाटा, त्याखेरीज यंत्राने न दाबलेल्या, डोंगराच्या मूळ स्थितीत ठेवलेल्या सुमारे दोनशे किलोमीटर वाटा, आणि या सर्वांना मिळून एकच तिकीट, असा हा पसारा आहे. सकाळी टिरोलमध्ये पायांस स्की बांधून निघालेला मनुष्य पाच-सहा दऱ्या ओलांडून दुपारी दूरच्या वार्थ गावी पोहोचतो आणि सायंकाळी परत येतो. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर कुर्शव्हेलसारखी बर्फनगरे वास्तुशास्त्रज्ञांनी आधी कागदावर रेखाटली आणि मग ओसाड कुरणांवर उभी केली. आर्लबर्गचे तसे नाही. हे जाळे कोणी एकाने कल्पिले नाही. ते धागा धागा करून विणले गेले, आणि त्या विणकरांपैकी काहींच्या वाट्यास जे आले ते मोठे विषण्ण करणारे आहे.

आरंभ करावयाचा तो एका अनाथ पोरापासून. चौदाव्या शतकात या खिंडीतून व्यापारी, यात्रेकरू आणि मजूर पायी जात. हिवाळ्यात त्यांतील कित्येक बर्फात गाडले जात आणि वसंतात त्यांची प्रेते खाली आणली जात. पक्ष्यांनी डोळे खाल्लेली ती प्रेते पाहून हाइन्रिश नावाच्या एका गुराख्याचे मन कळवळले. हा हाइन्रिश टाकून दिलेले मूल म्हणून वाढलेला होता. त्याचे आडनावच ‘फिंडेलकिंड’, म्हणजे सापडलेले पोर, असे पडले होते. दहा वर्षे चाकरी करून त्याने पंधरा मोहरा साठविल्या होत्या. त्या पैशांत त्याने ड्यूक लिओपोल्ड तिसरा याची अनुज्ञा मिळवून १३८६ साली खिंडीत एक धर्मशाळा बांधावयास घेतली व वाटसरूंचा रक्षक मानलेल्या संत क्रिस्टोफरचे नाव तिला दिले. तो आणि त्याचा एक सोबती सायंकाळी पायांस बर्फावर चालण्याची कडी बांधून बाहेर पडत, हाका घालीत आणि कोणी अडकला असेल त्यास उचलून आणीत. त्याच्याच सांगण्यानुसार पहिल्या हिवाळ्यात सात व सात वर्षांत पन्नास माणसे अशी वाचली. पुढे त्याने युरोपभर फिरून देणग्या गोळा केल्या आणि त्या कार्यासाठी एक बंधुमंडळ स्थापन केले. जुनी धर्मशाळा १९५७ साली आगीत जळाली व पुन्हा बांधली गेली. आज त्या जागी एक श्रीमंती थाटाचे हॉटेल आहे. बंधुमंडळ मात्र अजून दानधर्म करते.

पुढील पाच शतकांचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येतो. मालाच्या गाड्या ओढणे, घोडे बदलून देणे, वाटसरूंना निवारा देणे यांवर या गावांचे पोट चाले. १८८० साली खिंडीखालून लोहमार्गाचा बोगदा खोदण्यास प्रारंभ झाला आणि १८८४ मध्ये दहा किलोमीटरहून अधिक लांबीचा तो बोगदा वाहतुकीस खुला झाला. त्याचा मुख्य अभियंता यूलियस लोट हा वर्षभर आधीच निवर्तला होता. बोगद्याने युरोपची मोठी सोय केली; परंतु घाटावरच्या गावांचा धंदा एका दिवसात बसला. श्टूबेन तर अगदी उजाड झाले. सेंट आंटोनला निदान रेल्वेचे स्थानक लाभले, आणि हे स्थानकच पुढे त्याच्या भाग्यास कारण झाले.

स्की ही वस्तू आल्प्समधील नव्हे. नॉर्वे-स्वीडनमध्ये ती पुरातन काळापासून आहे. आल्प्समध्ये ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. वार्थ गावचा धर्मोपदेशक योहान म्युलर याने १८९५ च्या सुमारास उत्तरेकडून लाकडी पट्ट्यांची एक जोडी मागविली. गावकरी हसतील या भीतीने तो रात्री चांदण्यात सराव करी, असे सांगतात. पुरेसा धीर आल्यावर तो त्या पट्ट्यांवरून शेजारच्या लेख गावी जाऊन उभा राहिला. पुढे एकशे अठरा वर्षांनी त्याच दोन गावांमधून रज्जुमार्ग जाणार होता, याची त्या भल्या गृहस्थास कल्पनाही नव्हती.

३ जानेवारी १९०१ रोजी सेंट क्रिस्टोफच्या त्या धर्मशाळेतच काही मित्रांनी ‘स्की क्लब आर्लबर्ग’ स्थापन केला. आल्प्समधील अगदी आरंभीच्या अशा संस्थांत त्याची गणना होते. त्या वेळी श्टूबेन गावात हानेस श्नायडर नावाचा दहा वर्षांचा एक मुलगा होता. १८९० साली जन्मलेल्या या मुलास ब्रेगेन्झच्या व्हिक्टर झोम नावाच्या शौकिनाने स्कीचे पहिले धडे दिले. १९०७ साली सेंट आंटोनच्या ‘पोस्ट’ हॉटेलचा मालक कार्ल शूलर याने सतरा वर्षांच्या श्नायडरला पाहुण्यांस स्की शिकविण्यासाठी नोकरीस ठेवले. हिवाळ्यात रिकामे पडणारे हॉटेल कसे भरावे, हा शूलरपुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर अशा रीतीने सापडले.

श्नायडरने नेमके काय केले हे समजण्यास आधीची स्थिती ठाऊक असली पाहिजे. नॉर्वेची टेलिमार्क पद्धत एक गुडघा वाकवून, मोठ्या डौलाने वळण घेण्याची होती. लाटांसारख्या टेकड्यांवर ती शोभे, पण आल्प्सच्या खड्या उतारावर घात करी. माटियास त्झदार्स्की या ऑस्ट्रियन शिक्षकाने एकच लांब काठी घेऊन सावकाश उतरण्याची रीत बसविली होती. तीत सुरक्षितता होती, वेग नव्हता. श्नायडरने अंग खाली वाकवून, भार पुढे टाकून, दोन काठ्यांसह वेगाने उतरण्याची पद्धत सिद्ध केली. परंतु त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने शिकविण्याचा क्रम लावला. प्रथम दोन्ही पट्ट्यांची टोके जुळवून, मागचा भाग फाकवून नांगरासारखे घसरावयाचे. मग एक पट्टी फाकवून वळावयाचे. मग हळूहळू दोन्ही पट्ट्या जवळ आणून झोकात वळावयाचे. पहिली पायरी पक्की झाल्यावाचून दुसरी नाही. पहिल्या महायुद्धात त्याच्यावर सैनिकांस स्की शिकविण्याचे काम पडले, आणि पुष्कळ माणसे थोड्या दिवसांत कशी तयार करावयाची हे तो तेथे शिकला. युद्धानंतर त्याने सेंट आंटोनला शाळा काढली, तिचे वर्ग विद्यार्थ्याच्या तयारीप्रमाणे पाडलेले असत. श्रीमंत असो की सरदार, ज्याला वळता येत नाही त्याने खालच्या वर्गात उभे राहिले पाहिजे, असा दंडक होता. आपल्याकडील तालमीच्या वस्तादास हे सहज उमजेल.

आर्नोल्ड फांक याच्या १९२० सालच्या चित्रपटाने व पुढे दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकाने श्नायडरचे नाव जगभर गेले. १९३० साली जपानने त्याला सन्मानाने बोलाविले. १९३१ साली आलेला ‘श्वेत उन्माद’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट तर या डोंगरांतच घेतला गेला. त्या चित्रपटात श्नायडरबरोबर काम करणारी लेनी रीफेनश्टाल पुढे हिटलरच्या प्रचारपटांची दिग्दर्शिका झाली. इतिहासाची ही थट्टा तेव्हा कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते.

येथे या कथेत हिंदुस्थानचा एक धागा येतो. आर्नोल्ड लन हा इंग्रज गृहस्थ १८८८ साली मद्रास येथे जन्मला. त्याचे वडील हेन्री लन तेथे मिशनरी म्हणून आले होते. परत गेल्यावर त्यांनी प्रवास घडवून आणण्याचा धंदा काढला आणि इंग्रजांना हिवाळ्यात स्वित्झर्लंडला नेण्यास आरंभ केला. १९११ साली माँटाना येथे डोंगरावरून खाली उतरण्याची एक शर्यत झाली, तिच्यासाठी फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी चषक दिला. हे रॉबर्ट्स म्हणजे ‘कंदाहारचे रॉबर्ट्स’. १८८० सालच्या जुलैत मैवंदच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला. तेथे धारातीर्थी पडलेल्यांत मुंबई फौजेच्या पलटणींतील शिपाईही होते, आणि या फौजेत कोकण व देशावरील माणसांचा पुष्कळ भरणा असे. त्या पराभवानंतर रॉबर्ट्स यांनी काबूलहून कंदाहारवर जी दौड मारली तिच्यावरून त्यांच्या पदवीस ते गाव जोडले गेले. चषकाचे नाव अर्थातच कंदाहार. १९२४ साली म्युरेन येथे लन आणि त्याच्या मित्रांनी काढलेल्या क्लबाचे नावही कंदाहार. अफगाणिस्तानातील उन्हाने भाजणाऱ्या एका शहराचे नाव अशा रीतीने आल्प्सच्या बर्फास चिकटले ते कायमचे. जर्मनीतील गार्मिशच्या शर्यतीच्या उतारास आजही हेच नाव आहे, आणि तेथे जमणाऱ्या हजारो प्रेक्षकांपैकी मैवंद कोठे आहे हे कितीजणांस ठाऊक असेल, कोण जाणे.

लन याने १९२२ साली म्युरेन येथे काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याच्या स्लालम शर्यतीचे आधुनिक नियम ठरविले. नॉर्वेच्या जुन्या मंडळींना केवळ खाली घसरणे म्हणजे खेळच वाटत नसे. लांब पल्ल्याची चाल आणि उडी हेच त्यांच्या लेखी खरे स्की. त्यामुळे लनला आल्प्समध्ये एक जोडीदार हवा होता, आणि तो त्याला श्नायडरमध्ये मिळाला. मार्च १९२८ मध्ये सेंट आंटोनला उतार आणि स्लालम यांची जोड शर्यत झाली. तिला ‘आर्लबर्ग-कंदाहार’ असे दोघांच्या संस्थांचे नाव मिळाले. मद्रासला जन्मलेला इंग्रज आणि श्टूबेनचा डोंगरी पोर यांच्या स्नेहातून निघालेल्या या शर्यतीने आजच्या ऑलिंपिकमधील उतार-स्कीचा पाया घातला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

१९३७ साल हे गावांच्या दृष्टीने सुवर्णवर्ष होते. त्या वर्षी त्स्यूर्सला दोरास धरून उतारावर ओढून नेणारा ऑस्ट्रियातील पहिला स्की-लिफ्ट चालू झाला आणि सेंट आंटोनहून गाल्त्सिग शिखरावर जाणारा रज्जुमार्ग पुरा झाला. आता चढण्याचे श्रम संपले. दिवसात एकदा उतरणारा मनुष्य दहा वेळा उतरू लागला. या रज्जुमार्गामागे ज्यांची खटपट होती त्यांत रुडोल्फ गोम्पर्त्स हे प्रमुख होते. १८७८ साली व्हिएन्नास जन्मलेले हे अभियंते विसाव्या शतकाच्या प्रारंभी सेंट आंटोनला आले आणि तेथेच रमले. गावात पाहुणे यावेत म्हणून माहितीपत्रके लिहिणे, नकाशे करणे, स्कीच्या स्पर्धा आखणे, हे सर्व त्यांनी वर्षानुवर्षे केले. ते धर्माने ख्रिस्ती होते, परंतु वंशाने ज्यू.

१२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. त्याच दिवशी आर्लबर्ग-कंदाहार शर्यत व्हावयाची होती; देशोदेशीचे खेळाडू गावात येऊन राहिले होते. त्या पहाटेच श्नायडरला पकडून लांडेक येथील तुरुंगात टाकण्यात आले. पकडणारे कोणी परके नव्हते, गावातलेच नाझी होते. त्याने आपल्या शाळेत नाझी शिक्षकांस थारा दिला नव्हता व ज्यू मित्रांशी असलेला स्नेह लपविला नव्हता, हा त्याचा अपराध. लन याने शर्यत तत्काळ रद्द केली. ज्याच्या नावाने हा उतार ओळखला जातो तो तुरुंगात असता येथे चषक वाटणे त्याला मान्य नव्हते. त्या काळी युरोपातील भल्याभल्या मुत्सद्द्यांना जे जमले नाही ते खेळाच्या एका संघटकास जमले, याची नोंद केली पाहिजे.

श्नायडरला तुरुंगातून सोडले तरी गावी परतू दिले नाही. जर्मनीत गार्मिश येथे तो एका वकील मित्राच्या आश्रयास नजरेखाली राहिला. त्याची सुटका झाली ती अमेरिकेतील हार्वे गिब्सन या बँकरमुळे. जर्मनीकडून येणे असलेल्या कर्जाच्या वाटाघाटींत गिब्सनचा हात होता. शिवाय न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ कॉनवे या आपल्या जन्मगावी तो बर्फाचे एक केंद्र उभारीत होता. कर्जाचा व्यवहार आणि माणसाची मोकळीक यांची सांगड घालण्यात आली. ११ फेब्रुवारी १९३९ रोजी श्नायडर कुटुंबासह नॉर्थ कॉनवेच्या स्थानकावर उतरला, तेव्हा गावच्या मुलांनी स्कीच्या काठ्या उंच धरून त्यांची कमान केली होती. त्याचा मुलगा हर्बर्ट पुढे अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनमधून युरोपात लढला. श्नायडर मात्र अमेरिकेचाच झाला आणि १९५५ साली तेथेच वारला.

गोम्पर्त्स यांच्यासाठी असा कोणी बँकर आला नाही. त्यांच्या पत्नीने मुलांचे प्राण वाचविण्यासाठी, ती आपल्या पतीची नसून एका ‘आर्य’ पुरुषाची आहेत, असे अधिकाऱ्यांपुढे लिहून दिले, मुले वाचली. गोम्पर्त्स यांना व्हिएन्नास जावे लागले. मे १९४२ मध्ये तेथून त्यांना मिन्स्कजवळील माली त्रोस्तिनेत्स येथे नेऊन ठार मारण्यात आले. ज्या गाल्त्सिग रज्जुमार्गासाठी ते झटले तो त्या वेळीही चालू होता. त्यांचे नाव गावाने पुढे अनेक वर्षे फारसे घेतले नाही. फेलिक्स मिटेरर या टिरोली नाटककाराने १९८७ साली त्यांच्या जीवनावरून नाटक लिहिले, तेव्हा कोठे लोक बोलू लागले. आता सेंट आंटोनमध्ये त्यांचे स्मारक आहे.

युद्धानंतर जाळे विणण्याचे काम पुन्हा सुरू झाले. १९५४ साली आर्लबर्गच्या सर्वांत उंच वाल्लुगा शिखराकडे रज्जुमार्ग गेला. लेख आणि त्स्यूर्स यांच्यामध्ये रज्जुमार्गांचे एक कडे पुरे झाले. त्यास ‘श्वेत वर्तुळ’ म्हणतात, आणि २००६ पासून त्या बावीस किलोमीटरच्या वर्तुळावर दरवर्षी शर्यत होते. या चिमुकल्या गावांनी ट्रूडे बायझर, ओटमार श्नायडर आणि पाट्रिक ओर्टलीब असे ऑलिंपिक विजेते दिले. सेंट आंटोनच्या कार्ल श्रान्त्सला १९७२ साली साप्पोरोच्या ऑलिंपिकमधून धंदेवाईक ठरवून वगळण्यात आले तेव्हा सारा ऑस्ट्रिया खवळला होता. २००१ च्या जागतिक स्पर्धेसाठी सेंट आंटोनने आपला रेल्वेमार्गच उचलून दरीच्या दुसऱ्या अंगास नेला. ज्या रुळांनी गावास जगविले ते गावाच्या आणि उताराच्या मधून दूर झाले.

तरीही एक तुटकपणा राहिला होता. टिरोलकडील गावांचे एक जाळे, लेख-त्स्यूर्सचे दुसरे, वार्थ-श्रोकेनचे तिसरे. तिकीट एक असले तरी सेंट आंटोनहून त्स्यूर्सला जाणाऱ्याने श्टूबेनच्या वर राउत्स येथे स्की काढून खांद्यावर घ्यावयाची आणि फ्लेक्सन खिंडीच्या रस्त्याने बस धरावयाची, हा क्रम होता. कंपन्या वेगळ्या, ग्रामपंचायती वेगळ्या, मधली कुरणे व रानबकऱ्यांचे मुलूख यांविषयीच्या हरकती वेगळ्या. २०१३ साली लेख व वार्थ यांमधील निर्जन आउएनफेल्ड पठारावरून रज्जुमार्ग गेला. त्यावर कोठेही मधले स्थानक ठेवलेले नाही, की खाली बर्फवाट आखलेली नाही. माणसाने वरून जावे, खालचे पठार तसेच राहू द्यावे, असा हा समझोता. डिसेंबर २०१६ मध्ये राउत्सहून त्स्यूर्सकडील फ्लेक्सनबान चालू झाला आणि अखंड जाळे पुरे झाले. सेंट आंटोनपासून वार्थपर्यंतची ये-जा मिळून सुमारे ८५ किलोमीटरचा फेरा त्यावर आखला आहे, आणि तो या डोंगरांच्या जुन्या मानकऱ्यांस अर्पण केला आहे.

हा फेरा एका दिवसात पुरा करण्याची पुष्कळांस हौस असते. त्यांनी घड्याळावर नजर ठेवावी लागते, कारण रज्जुमार्ग सायंकाळी ठरलेल्या वेळी बंद होतात. दूरच्या दरीत शेवटचा पाळणा चुकला तर परतण्यास मोटारीचा लांब वळसा उरतो. निळ्या वाटा सोप्या, तांबड्या मध्यम, काळ्या कठीण. त्यापलीकडे जेथे बर्फ दाबलेले नाही तेथे हिमलोटाचे भय, आणि ते भय आखलेल्या वाटांनाही अगदी सोडून देते असे नाही. १९८८ च्या मार्चमध्ये सेंट आंटोनवर हिमलोट कोसळून सात माणसे मृत्युमुखी पडली. २०२२ च्या नाताळात त्स्यूर्सजवळ हिमलोट आखलेल्या वाटेवर आला. दहा जण गाडले गेले असावेत असे समजून रात्रभर शोध चालला, आणि सुदैवाने सर्वजण जिवंत असल्याचे कळले.

आणि बर्फ फारच झाले म्हणजे या साऱ्या जाळ्यालाही थांबावे लागते. वारा सुटला की पाळणे उभे राहतात. वरच्या उतारांवर सुरुंग लावून बर्फ मुद्दाम खाली पाडले जाते. फ्लेक्सनचा रस्ता बंद होतो, आणि लेख व त्स्यूर्स ही गावे कधी एक दिवस तर कधी अनेक दिवस बाहेरच्या जगापासून तुटतात. तेव्हा हॉटेलांत अडकलेले पाहुणे खिडकीशी बसून राहतात आणि अंधार पडल्यावर स्वयंसेवकांची पथके दिवे घेऊन, दोरखंड घेऊन, कोणी बाहेर राहिला आहे काय हे पाहावयास निघतात.